मिलोनं खुर्ची हलवली

ज्या वर्षी गल्लीतल्या रोझच्या लग्नात बिस्किटांचं टेबल मोडलं, त्याच वर्षी मिलो घरी परत आला. साल १९७४. ओल्गा स्टॅस्कोला सालं आकड्यांनी आठवत नसत. "टेबल मोडलं त्या वर्षी," एवढंच ती म्हणायची आणि केलर्सफोर्ड या अमेरिकेतल्या छोट्या गावात कुणालाही ते कळायचं. टेबल मोडलं तेव्हा सगळं गाव तिथं हजर होतं, आणि मोडणाराही मिलोच होता.

लग्नघरच्या बायका महिनाभर राबून बिस्किटं करतात. अक्रोडाची, जर्दाळूच्या मुरंब्याची, पिठीसाखरेत घोळलेल्या चंद्रकोरी. केक फसला तरी एक वेळ चालेल, पण बिस्किटांच्या वजनानं टेबल वाकलेलं दिसलं पाहिजे. रोझचं टेबल तर पुरतं वाकलेलं होतं. तेवढ्यात दाराशी पिवळी, उघड्या टपाची गाडी थांबली, तीतून मिलो उतरला, जर्दाळूचं एक बिस्किट तोंडात टाकून म्हणाला, "आत्या, मी कायमचा परत आलो!" आणि आनंदाच्या भरात टेबलाच्या कडेवर बसला.

समोरच्या घरातल्या पाव्हलिकबाई जमिनीवरच्या चंद्रकोरी वेचता वेचता म्हणाल्या, "नऊ वर्षं परगावी राहून आला, पण कुठं बसावं ते अजून कळत नाही."

"काकू, तुमचीच बिस्किटं जड," मिलो म्हणाला.

ओल्गानं डोळे मिटून घेतले. मिलोचं सगळं आयुष्य या एका वाक्यासारखं होतं. बोलायची काही गरज नव्हती आणि तो बोलला होता.

भाऊ आणि भावजय गेल्यावर ओल्गानंच त्याला वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. पोराचा हात लहानपणापासून दैवी होता. घराच्या पायरीवर उभा राहून तो उकडलेला बटाटा फेकायचा आणि तो समोरच्या पाव्हलिकांच्या खिडकीतून थेट सुपाच्या पातेल्यात पडायचा. पाव्हलिक म्हातारे शिव्या द्यायचे आणि मग बटाटा खायचे. पुढं हाच हात घेऊन मिलो क्वार्टरबॅक झाला. तिकडच्या, चेंडू हातानं फेकायच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे मांडवातला थोरला जावई. सगळा खेळ त्याच्याभोवती. चेंडू त्याच्या हातात येतो, कुणाकडं फेकायचा ते तो ठरवतो, आणि त्याला कुणाचा धक्का लागू नये म्हणून पाच आडदांड गडी त्याच्यापुढं भिंतीसारखे उभे राहतात.

हात असा, पण तोंड विचारू नका. टेक्सासातल्या संघानं त्याला काढलं, कारण आपला नेम दाखवायला त्यानं मालकाच्या बायकोच्या टोपीवरचं पीस चेंडूनं उडवलं. पीस तेवढं उडालं, टोपी हललीसुद्धा नाही, पण याचं कौतुक कुणाला? फ्लोरिडात प्रशिक्षकानं सांगितलेला डाव बाजूला सारून त्यानं स्वतःचा डाव खेळला, सामना जिंकला, आणि टीव्हीवर सांगितलं की आमच्या प्रशिक्षकांना गोल्फ चांगला येतो. ओरेगनमध्ये प्रेक्षकांना हसवायला बीव्हर या दातांच्या जनावराचं सोंग घेऊन नाचणाऱ्या माणसाशी त्यानं मारामारी केली. सोंगाच्या आत मालकाचा मेहुणा निघाला. कॅलिफोर्नियात तो हंगामाच्या मध्यावर आठवडाभर गायब झाला, कारण तो एका दातांच्या डॉक्टरणीच्या प्रेमात पडला होता. परत आला तेव्हा दात चकाचक झाले होते आणि नोकरी गेली होती. दर वेळी ओल्गाला पोस्टकार्ड यायचं: 'इथंही जमलं नाही. लवकरच भेटू.' त्या कार्डांनी डबा भरला होता आणि भेट काही होत नव्हती.

आता गावच्या संघानं त्याला घेतलं होतं. हॅमर्स हा छोट्या लीगमधला छोटा संघ. मालक हार्वी ग्रोट याची गाद्यांची दुकानं होती आणि तो माणसांकडंही गादी दाबून बघावी तसा बघायचा. "मिस स्टॅस्को," तो ओल्गाला म्हणाला होता, "तुमच्या पुतण्याला देशात आता दुसरा कुणी घेणार नाही. इथून गेला तर कुठं जाईल ते देवाला ठाऊक."

ओल्गालाही ते ठाऊक होतं. इथून गेला तर पुन्हा डब्यात कार्डं पडणार. म्हणून ती सकाळ-संध्याकाळ मिलोच्या मागं लागायची, "कमी बोल. जास्त खा."

आणि आश्चर्य म्हणजे उन्हाळा सुरळीत गेला, शरद ऋतूही गेला. हॅमर्स जिंकत होते. मिलोपुढच्या भिंतीतला मधला दगड म्हणजे ऑगी पाव्हलिक, पाव्हलिकबाईंचा मुलगा. दर डावाला ऑगी ओणवा होई आणि दोन पायांमधून चेंडू मागं मिलोच्या हातात देई. ज्याच्याशी माणसाचं इतकं जवळचं काम, त्याच्या घरच्यांशी वाकडं घेऊ नये. ही अक्कल सांगायला कुणाची गरज पडू नये. पण मिलोला पडली.

नोव्हेंबरात पहिला मोठा बर्फ पडला.

चढावरच्या त्या गल्लीत घरांना गॅरेज नाहीत. गाडी रस्त्याच्या कडेलाच लावायची. बर्फ पडला की ज्यानं फावड्यानं जागा मोकळी केली त्याची ती जागा, आणि तो गाडी घेऊन बाहेर गेला की जागेवर खुर्ची ठेवायची. जुनी, मोडकी, स्वयंपाकघरातली. ती खुर्ची कुणी हलवत नाही. शेजारी हलवत नाही, पाद्री हलवत नाही, पोलिसांची गाडीसुद्धा वळसा घालून जाते. चर्चमध्ये पैशांची थाळी उघडी ठेवली तर एखादा हात घालेल, पण खुर्चीला हात लावणार नाही.

त्या दिवशी पाव्हलिकबाईंनी दुखऱ्या गुडघ्यानं सकाळभर बर्फ उपसून ऑगीच्या ट्रकसाठी जागा केली आणि आपली खुर्ची ठेवली. लाल रेग्झिनची, बैठक फाटलेली, एक पाय तारेनं बांधलेला. ती तार पाव्हलिक म्हाताऱ्यांनी मरायच्या आधल्या वर्षी बांधली होती.

दुपारी मिलो सरावाहून आला. गल्लीत दुसरीकडं जागा नव्हती. ओल्गा खिडकीतून बघत होती. तिनं बघितलं की तो गाडीतून उतरला, त्यानं खुर्ची एका हातानं उचलली, फुटपाथवरच्या बर्फाच्या ढिगावर उलटी टाकली आणि पिवळी गाडी त्या जागेत घातली. ओल्गाच्या हातातलं कोबीचं पान खाली पडलं.

"अरे मेल्या, काय केलंस?"

"काय केलं?"

"खुर्ची!"

"ती? मला वाटलं कुणी टाकून दिलीय."

"तू याच गल्लीत वाढलास ना रे? का तुला मी फ्लोरिडातून उचलून आणला?"

"आत्या, एक मोडकी खुर्ची आहे ती. सिंहासन नव्हे."

"गाडी काढ. आत्ताच्या आत्ता."

"जेवून काढतो," मिलो म्हणाला आणि भरल्या कोबीला बसला.

तो जेवत असतानाच ऑगी आला. त्याला ट्रक चढाच्या पायथ्याशी नदीकाठी लावावा लागला आणि खांद्यावर आईसाठी अख्खी डुकराची मांडी घेऊन गुडघाभर बर्फातून वर यावं लागलं. आईच्या दाराशी पोचल्यावर त्यानं पिवळी गाडी बघितली, उलटी खुर्ची बघितली. खुर्ची सरळ केली. तिच्यावरचा बर्फ बाहीनं पुसला. ओल्गाच्या खिडकीकडं वळून बघितलं आणि एक शब्दही न बोलता आत गेला.

"बघ, काही बोलला नाही," मिलो म्हणाला. "समजूतदार आहे."

ओल्गानं कपाळावर हात मारला.

पुढच्या रविवारी सामना होता. ऑगीनं चेंडू मागं दिला, आणि मग सरळ उभा राहून, देवळाच्या दारात म्हातारीला वाट द्यावी तसा बाजूला झाला. बाकीचे चौघेही झाले. समोरचे चार राक्षस मिलोच्या अंगावर एकदमच पोचले. पुढच्या डावातही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. दुपारभर मिलोनं मैदानापेक्षा आकाश जास्त बघितलं. हॅमर्स सपाटून हरले.

"ते आत कसे आले?" मिलो ओरडला. त्याच्या कानात गवत होतं.

"जागा रिकामी दिसली, म्हणून आले," ऑगी शांतपणे म्हणाला. "आम्ही तिथं खुर्ची थोडीच ठेवली होती?"

ग्रोटनं मिलोला बोलावून सांगितलं, "एकच सामना उरलाय. हरलास तर सामान बांध."

त्या संध्याकाळी ओल्गा अक्रोडाचं सारण भरलेली गोड गुंडाळी भाजून पाव्हलिकबाईंकडं गेली. दोघींची चाळीस वर्षांची ओळख, तरी ती दारातच उभी राहिली.

"व्हेरोना, पोर मूर्ख आहे."

"ते मला तो बटाटे फेकायचा तेव्हापासून माहीत आहे."

"ऑगीला सांग ना."

"मी ऑगीला काहीच सांगितलेलं नाही. त्याला डोळे आहेत." पाव्हलिकबाईंनी गुंडाळीचा वास घेतला. "लोणी चांगलं आहे. ज्यानं हलवली त्यानं यावं."

ओल्गानं घरी येऊन मिलोला सांगितलं. तो पाठीला बर्फ लावून पालथा पडला होता.

"म्हणजे मी माफी मागायची? खुर्चीची?"

"खुर्चीची."

"लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ता काय म्हणताहेत ते ऐकायचंय का तुला?"

दुसऱ्या दिवशी मिलो गेला खरा, पण मिलोसारखाच गेला. पाव्हलिकबाईंच्या दाराशी दुकानाचा टेम्पो थांबला आणि दोन हमालांनी एक भलीमोठी नवी आरामखुर्ची उतरवली. चामड्याची. दांडा ओढला की पाय वर जाणारी.

"घ्या काकू," मिलो म्हणाला. "आता ते जुनं धूड टाकून द्या."

गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांचे पडदे हलले. पाव्हलिकबाईंनी आरामखुर्ची आत घेतली, तिच्यात बसल्या, दांडा ओढला, पाय वर गेले. मिनिटभर त्या तशाच छताकडं बघत राहिल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "गुडघ्याला बरी आहे. ही मी ठेवून घेते."

"मग मिटलं ना?"

"नाही. दार लावून जा. वारा येतोय."

ओल्गानं हे ऐकलं तेव्हा तिला हसावं का रडावं कळेना. "माझ्या नवऱ्यानं तार बांधलेल्या खुर्चीला धूड म्हणालास?" रागाच्या भरात ती पाव्हलिकबाईंच्याच तोंडानं बोलून गेली.

"आत्या, तुझ्या नव्हे, तिच्या नवऱ्यानं."

"तेच रे! तेच!" आणि ती तरातरा निघून गेली.

शेवटचा सामना शेजारच्या खोऱ्यातल्या बुल्सशी होता. बुल्स म्हणजे खाणीतल्या माणसांची मुलं. त्यांच्याही गल्ल्या चढाच्या, त्यांच्याकडंही बर्फ आणि त्यांच्याकडंही खुर्च्या. त्यांचा बोर्को नावाचा गडी तर असा रुंद होता की तो बाजूनं चालत असला तरी समोरून आल्यासारखा वाटायचा. सकाळपासून बर्फ पडत होता. मैदानावरच्या रेघा दिसत नव्हत्या. माणसं झाडू आणि फावडी घेऊन त्या झाडत होती आणि मागून त्या पुन्हा बुजत होत्या.

पाव्हलिकबाई प्रत्येक सामन्याला यायच्या. बाकांवर गुडघा वाकत नसे, म्हणून दोरीच्या कडेला, खेळाडूंच्या अगदी जवळ स्वतःची खुर्ची टाकून बसायच्या. तीच लाल खुर्ची. ओल्गा त्यांच्या मागं उभी होती. आजचा दिवस गेला की उद्या मिलोची पिवळी गाडी दक्षिणेला लागलेली असेल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तिनं त्याच्या पिशवीसाठी सकाळीच मोजे धुऊन ठेवले होते आणि मग रागानं ते परत ओले केले होते, म्हणजे त्याला निघता येऊ नये.

ऑगी चेंडू देत होता आणि बाजूला होत होता. बोर्को येत होता आणि मिलो पडत होता. तरीही, त्या हाताची करामत बघा, पडता पडता त्यानं दोन वेळा असे चेंडू फेकले की हॅमर्स फक्त थोडेच मागं राहिले. शेवटी एकच डाव उरला. त्याआधी खेळ थांबवून दोन्ही संघ दम घेत होते.

मिलो मैदानात एकटा उभा होता. नाकातून रक्त, शिरस्त्राण वाकडं. त्यानं ऑगीकडं बघितलं. ऑगीनं आकाशाकडं बघितलं. मग मिलो कडेला आला, झाडणाऱ्यांपैकी एकाच्या हातातलं फावडं त्यानं घेतलं आणि मैदानाच्या मधोमध, चेंडू घ्यायला तो जिथं उभा राहायचा तिथं जाऊन बर्फ उपसायला लागला.

"काय करतोय हा?" ग्रोट किंचाळला.

"बर्फ काढतोय," ओल्गा म्हणाली. तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. लहानपणापासून तिनं त्याच्या हातात कधी फावडं बघितलं नव्हतं. बर्फ पडला की याचं पोट दुखायचं.

त्यानं गाडीएवढी जागा मोकळी केली. खालचं पिवळं गवत दिसायला लागलं. मग तो दोरीपाशी आला, शिरस्त्राण काढून काखेत धरलं आणि पाव्हलिकबाईंसमोर उभा राहिला. तो थट्टा करतोय की खरंच बोलतोय, हे ओल्गाला कळेना. बहुधा त्यालाही कळत नव्हतं.

"काकू, तुमची खुर्ची जरा द्याल का? जागा मीच काढलीय."

पाव्हलिकबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "पहिल्यांदाच विचारलंस," त्या म्हणाल्या, आणि ओल्गाचा हात धरून उठल्या.

मिलोनं खुर्ची दोन्ही हातांनी उचलून नेली आणि मोकळ्या जागेत मधोमध ठेवली. तारेचा पाय नीट टेकला की नाही ते बघितलं.

पंचांनी शिट्टी वाजवली. "ही काय भानगड आहे? मैदानात खुर्ची चालत नाही!"

"मग हलवा," मिलो म्हणाला.

पंच पुढं झाले. तेही त्याच खोऱ्यातले. त्यांनी उपसलेला बर्फ बघितला, मोकळी जागा बघितली, फावडं बघितलं. हात खुर्चीच्या पाठीपर्यंत गेला आणि तिथूनच मागं आला. त्यांनी दुसऱ्या पंचांकडं बघितलं. दुसऱ्या पंचांना अचानक आपल्या बुटाची नाडी सुटलेली दिसली.

"बोर्को, तू हलव रे," बुल्सच्या प्रशिक्षकानं कडेवरून ओरडून सांगितलं.

"मी?" बोर्को दोन पावलं मागं सरकला. "माझी आई बघायला आलीय हो इथं!"

सगळ्या मैदानानं माना उंचावल्या. हजारो माणसं आणि एक मोडकी खुर्ची, आणि तिला हात लावायला कुणी तयार नाही. फक्त ग्रोट ओरडत होता, पण तो फिलाडेल्फियाचा, मोठ्या शहरातला. त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

शेवटी पंच टोपी काढून दोरीपाशी आले. "बाई, खुर्ची आपली आहे ना? आपणच जरा..."

पाव्हलिकबाई दुखरा गुडघा ओढत निघाल्या. ओल्गा त्यांना धरून बरोबर गेली, म्हणून पुढचं सगळं तिनं जवळून ऐकलं. बाई मोकळ्या जागेच्या काठाशी थांबल्या. आत पाऊल टाकलं नाही.

"जागा कुणी काढली?"

"मी, काकू."

"कडेचा बर्फ नीट नाही काढलास."

"पहिलीच वेळ आहे."

"दिसतंय." त्यांनी मान हलवली. "खुर्ची माझी, पण जागा तुझी. आण ती इकडं."

मिलोनं खुर्ची उचलून त्यांच्यापुढं ठेवली. "काकू," तो म्हणाला, आणि ओल्गानं श्वास रोखला, कारण या पोराला पुढचं एखादं वाक्य जास्त बोलायची खोड होती. "त्या दिवशी मी हलवायला नको होती."

एवढंच बोलला आणि गप्प बसला. ओल्गाच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाव्हलिकबाई मुलाकडं वळल्या. "ऑगी!"

"काय, आई?"

"जागा त्यानं काढलीय. तिथं दुसरं कुणी येता कामा नये."

"बरं, आई," तो धिप्पाड बाप्या म्हणाला.

खेळ सुरू झाला. ऑगीनं चेंडू मागं दिला आणि तो जागचा हललाच नाही. बोर्को येऊन धडकला आणि चर्चच्या भिंतीवर आपटल्यासारखा खाली बसला. बाकीचे चौघे दात-ओठ खाऊन उभे. मिलो आपल्या मोकळ्या जागेत, सुक्या गवतावर, एकटा. त्याला इतका वेळ मिळाला की काय करावं कळेना. त्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. ओल्गा शपथेवर सांगायची की त्यानं नाकसुद्धा पुसलं. मग हात मागं घेतला आणि चेंडू सोडला. बर्फातून चेंडू असा गेला जसा पूर्वी बटाटा जायचा. मैदानाच्या पार टोकाला हॅमर्सचा गडी हात पसरून उभा होता. चेंडू त्याच्या हातात सुपाच्या पातेल्यात पडावा तसा पडला.

हॅमर्स जिंकले आणि लोक मैदानात घुसले. पण त्या मोकळ्या जागेवर कुणी पाय ठेवला नाही. तिच्या कडेकडेनं सगळे नाचले.

ग्रोटनं मिलोला ठेवून घेतलं, पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही. वसंत ऋतूपर्यंत ती लीगच बुडाली. कुणाला खेळाडूंचे पगार परवडेनात, ग्रोट पुन्हा गाद्या दाबायला लागला. मिलोला कॅन्सासहून बोलावणं आलं. कुणीतरी वेडा अजून होता म्हणायचा. ओल्गानं मोजे धुतले, त्यांची घडी केली आणि ते पिशवीत ठेवले. या वेळी ओले केले नाहीत.

मिलोनं पिशवी उघडून बघितली. "हे कशाला?"

"जायचं नाही का तुला?"

"आत्या, इथं मी एवढी जागा काढून ठेवली," तो म्हणाला. "ती सोडून जाऊ? कुणीतरी गाडी लावेल."

तो गावच्या शाळेत मुलांना चेंडू फेकायला शिकवू लागला. तिथूनही त्याला दोनदा काढलं आणि दोनदा परत घेतलं, पण तो घरीच जेवायला यायचा. पिवळी गाडी गंजली. दर हिवाळ्यात तो ओल्गाच्या दारातला बर्फ उपसायचा, मग रस्ता ओलांडून पाव्हलिकबाईंच्या दारातला उपसायचा, आणि बाई आरामखुर्चीत पाय वर करून खिडकीतून ओरडायच्या, "कडा! कडा नीट काढ!" पाव्हलिकबाई गेल्यावर लाल खुर्ची ऑगीनं त्याला दिली. ओल्गाच्या शेवटच्या प्रवासाची काळी गाडी दारात यायची होती तेव्हा मिलोनं पहाटे उठून जागा काढली, कडांसकट, आणि ती खुर्ची ठेवली. बर्फ लोटणारा सरकारी ट्रक आला आणि वळसा घालून गेला.

व्हेरोना पाव्हलिक १९८१ सालच्या मे महिन्यात वारल्या. ओल्गा स्टॅस्को १९८६ सालच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, आपल्या घरी वारली.